बघितलेला माणूस गाडीत

मंद्रूपहून सोलापूरला पाठवलेल्या लकव्याच्या एका पेशंटसोबत मी चुकीचा नातेवाईक बसवून दिला. त्याच्या कागदावर वेळही चुकीची लिहिली. वर ती चुकीची असेल अशी शंका कुणाला येऊ नये इतक्या सुवाच्य अक्षरात लिहून तिच्यावर हॉस्पिटलचा गोल शिक्का मारला.

चूक सांगून झाली. आता ती ज्यांना निस्तरावी लागली त्या बिराजदार सिस्टरांबद्दल सांगतो. त्या कळल्याशिवाय मी किती मोठा गाढव ठरलो याचा नीट अंदाज यायचा नाही.

मी मूळचा टाइमकीपर. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर एकोणीस वर्षं कामगारांच्या कार्डांवर वेळ पाडली. कार्डावर आठ दोन छापलं की माणूस आठ दोनला आला. मग तो देवाची शपथ घेऊन काहीही सांगो. कारखाना बंद पडल्यावर ओळखीच्या एका डॉक्टरांनी मंद्रूपच्या त्यांच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात मला व्यवस्थापक म्हणून घेतलं. व्यवस्थापक म्हणजे रजिस्टर, फोन, पाण्याचा टँकर आणि अँब्युलन्सचे कागद.

आमच्याकडे स्कॅनचं मशीन नव्हतं. लकव्याचा पेशंट आला की डॉक्टर तपासायचे, सलाईनची सुई लागायची आणि लगेच गाडी सोलापूरला निघायची. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मांडीच्या रक्तवाहिनीतून तार घालून मेंदूतली गुठळी ओढून काढणारे डॉक्टर होते. त्याआधी गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शनही असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच द्यायचं. तार घालायला त्याहून थोडी जास्त, साधारण सहा तासांची मुदत मिळते. आणि ही सगळी मुदत मोजायची कुठून, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथून. आमच्या कागदावर त्यासाठी एक रकाना होता. बिराजदार सिस्टर पेशंटबरोबर गाडीतून जायच्या आणि हा रकाना त्या भरायच्या.

सिस्टर पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कपाळावर विभूतीची अगदी बारीक रेघ, चष्मा दोरीनं गळ्यात. घरची भाषा कानडी. मनगटावर घड्याळ नाही. त्यांनी भरलेले जुने कागद मी पहिल्याच आठवड्यात चाळले आणि हादरलो. वेळेच्या रकान्यात एकीकडे लिहिलेलं, 'दूध डेरीला घातल्यावर, भाकरी थापायच्या आधी.' दुसरीकडे, 'नळाला पाणी आलं तेव्हा धड, पाणी गेलं तेव्हा नाही.' खाली कंसात बारीक अक्षरात वेळ होती, पण ती मला दिसली नाही. मला फक्त अडाणीपणा दिसला.

मी भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि सिस्टरांना चोवीस तासांची पद्धत शिकवली. दुपारी दोनला चौदा म्हणायचं, तीनला पंधरा. वीस मिनिटं शिकवत होतो. त्यांनी चष्मा लावून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हौदा?"

कानडीत 'असं का?' त्यांचा तो एक शब्द मी पुढं सहा वर्षं ऐकला. विचारणाऱ्याला वाटायचं बाई कौतुकानं ऐकतेय. जरा वेळानं कळायचं की बाईनं आपलं काहीही खरं धरलेलं नाही.

मी बाहेर आलो तेव्हा आमचा ड्रायव्हर रफिकभाई गाडीला टेकून हसत होता. म्हणाला, "साब, सिस्टर सोलापूरमें नये डॉक्टरां को ये सब सिखाती थी. तुम उनको घड्याळ सिखाए?"

त्यांना घड्याळ चांगलं कळत होतं. पेशंटच्या घरच्यांना मात्र त्या शपथेवर सांगायच्या, "मला घड्याळातलं कळत न्हाय बाई. तू कामं सांग." वेळ विचारली की माणूस खोटं बोलतो आणि काम विचारलं की खरं बोलतो, हा त्यांचा पक्का समज. कुणी 'साडेदहा' म्हटलं की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. "साडेदहाला कुणाला काय होत न्हाय," त्या म्हणायच्या. "होतं ते चटणी वाढताना होतं."

घरचे खोटं का बोलतात, तेही त्यांच्याकडून ऐकावं. कुणी आधी लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे जाऊन आलेलं असतं आणि ते सांगायची लाज वाटते. कुणी म्हाताऱ्याला 'झोपलाय, झोपू द्या' म्हणून चार तास हाकच मारलेली नसते. आणि हल्ली एक नवी जात निघाली होती, वाचून येणाऱ्यांची.

सोलापूरच्या नवी पेठेत कापडाचं मोठं दुकान असलेलं एक कुटुंब मंद्रूपला लग्नाला आलं होतं. मांडवात वडिलांचा डावा हात लुळा पडला. मुलानं गाडीतून येता येता मोबाइलवर सगळं वाचून काढलेलं. दुपारचा सव्वा वाजला होता. मला म्हणाला, "बारा चाळीस. एक्झॅक्ट. मी स्वतः घड्याळ बघितलं." इतका शिस्तीचा नातेवाईक मला आयुष्यात भेटला नव्हता. मी लगेच लिहायला घेतलं.

सिस्टर म्हणाल्या, "हौदा? लग्नातले फोटो असतील की मोबाइलवर. दाखवा जरा."

मला वाटलं, माणूस तिकडे आडवा पडलाय आणि यांना साड्या बघायच्यात. त्या अंगठ्यानं फोटो सरकवत गेल्या. "ह्यात दोन्ही हातांनी पाव्हण्यांना नमस्कार करतेत. हितं फेटा डोळ्यावर आलाय, तो त्यांनी वर केला न्हाय. आन् हितं हसतेत, पण अर्धंच." तिसऱ्या फोटोवर त्या थांबल्या. "हे कवाचं?"

फोटो सकाळी सव्वाआठचा होता.

"साडेचार तासांच्या पुढचं सांगितलं तर घेत नाहीत असं वाचलं," तो हळूच म्हणाला.

"वाचलं ते बरं केलं. पन तुमी कमी सांगितलं की ते इंजेक्शन देणार. ते उशिरा दिलं की डोक्यात रक्त फुटायची भीती. मग त्या वाचनाचं काय करायचं? खरं सांगितलं तर तार घालून बघतील तरी." एवढं बोलून त्या गाडीत चढल्या. ते गृहस्थ आता दुकानात गल्ल्यावर बसतात. काठी लागते, पण बसतात.

सिस्टरांचा संशय घरच्यांपुरता थांबत नसे. रफिकभाई म्हणायचा, "सिस्टर, टाकी फुल हय, कसम से." त्या म्हणायच्या, "हौदा?" आणि किल्ली फिरवायला लावून काटा स्वतः बघायच्या. सोलापूरच्या हॉस्पिटलनं 'पाठवा, बेड आहे' म्हटलं की त्या फोन ठेवून दुसरा फोन लावायच्या, तिथल्या वॉचमनला. "डाक्टरांची गाडी हाय का आत? न्हाय, तुमी उठून बघून सांगा." मग तिसरा फोन लिफ्टवाल्याला, लिफ्ट चालू आहे का ते विचारायला. एकदा लिफ्ट खरंच बंद होती, तेव्हा पेशंट पोचायच्या आधी खाली स्ट्रेचर उचलायला चार माणसं उभी होती. ती कुणी उभी केली हे तिथल्या मोठ्या डॉक्टरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि त्यांचा एक नियम होता: बघितलेला माणूस गाडीत. गाडीत नातेवाइकाची जागा एकच. तिथं ज्यानं पेशंटला शेवटचं धड पाहिलं तोच बसणार. आपल्याकडे हे किती अवघड आहे ते हॉस्पिटलात काम केल्याशिवाय कळत नाही. गाडीचं दार उघडलं की आधी चढतो तो भावकीतला वजनदार माणूस. त्यानं पेशंटला दिवाळीनंतर पाहिलेलं नसतं, पण इस्त्रीचे कपडे घालून तो पाच मिनिटांत हजर असतो. आणि जिनं सगळं डोळ्यांनी पाहिलंय ती बायको किंवा सून पिशव्या सांभाळत बाकावर. सिस्टर वजनदार माणसाला दंडाला धरून खाली उतरवायच्या. एकदा एक माजी सरपंच उतरवलेला मी पाहिला आहे. रफिकभाई गाडी काढायच्या आधी विचारायचा, "देखेवाला बैठा क्या?"

आता माझा संशय. तो मी सिस्टरांवर घेतला होता. गाडी निघायच्या आधी त्या पेशंटच्या घरातल्या एखाद्या बाईला, बहुतेक सुनेला, जनरेटरच्या खोलीमागे नेत. दोन मिनिटांनी सून डोळे पुसत परत. मला वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. गंडेदोरे असतील, नाहीतर पेशंटला तिसऱ्याच हॉस्पिटलात वळवायचं कारस्थान असेल. व्यवस्थापक म्हणून याचा छडा लावणं मला भाग होतं. मी एके दिवशी आधीच जाऊन जनरेटरच्या मागे, भिंत आणि मशीन यांच्यामधल्या फटीत उभा राहिलो. सिस्टर सुनेला घेऊन आल्या. सून म्हणाली, "सिस्टर, कुणाला सांगू नका..." आणि तेवढ्यात लाइट गेली. जनरेटर आपोआप सुरू झाला. सायलेन्सरचं तोंड माझ्या पोटाशी होतं.

मी बाहेर आलो तेव्हा डोळ्यांचं पांढरं तेवढं पांढरं राहिलं होतं. सिस्टर तिथंच उभ्या होत्या. ओठ हलले, मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी जनरेटर बंद केला आणि परत विचारलं, "ऐकू आलं का?"

"नाही."

"मग परत हुबा ऱ्हावा. आता बंद केलाय."

त्या सुनेला काय विचारत होत्या ते मग त्यांनीच सांगितलं. घरातल्या माणसाचं बिघडलं की सगळ्यात आधी भांडी घासणाऱ्या बाईला कळतं. कुणी ताटाच्या एकाच बाजूचं खाल्लं, कुणाच्या हातून तांब्या पडला. पण सासू आणि दीर समोर असताना ती तोंड उघडत नाही. म्हणून जनरेटरच्या मागे.

इतका संशय एका माणसात येतो कुठून, हे मला कळत नव्हतं. रफिकभाईनं एक कारण सांगितलं, वॉर्डातल्या मावशींनी अगदी दुसरं. दोन्हींवर माझा विश्वास बसला नाही, संगतीचा परिणाम. शेवटी मी त्यांनाच विचारलं, "तुम्हाला कुणी कधी खोटी वेळ सांगितली होती का हो? म्हणजे घरात वगैरे?"

त्या इंजेक्शनच्या बाटल्या मोजत होत्या. "आता किती वाजले?"

"चार दहा."

"मग चार दहाला काय कामं असतेत ती बघा."

आज मला वाटतं, काहीतरी होतं. पण ते कुणी खरं सांगेल असं वाटत नाही.

आता तो दिवस. बाजाराचा वार होता. अकराच्या सुमारास एक जीप आत शिरली. मागे आडवा टाकलेला म्हाळाप्पा, साठीचा मेंढपाळ. विजापूर रोडच्या फाट्याजवळ त्याची वस्ती. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, बोलायला जावं तर नुसता घशातून आवाज. डोळे मात्र सगळ्यांकडे फिरत होते. सोबत त्याची बायको कोंडाबाई आणि पुतण्या दत्तू. दत्तू ग्रामपंचायतीत मेंबर, त्यामुळे सगळे त्याला मेंबरच म्हणत.

सिस्टर आत सुई लावत होत्या. जाता जाता म्हणाल्या, "टायमकीपर, बघितलेला माणूस बसवा." रकानाही त्या दिवशी मीच भरायला घेतला. वाटलं, इतक्या वर्षांत एवढं तर जमलंच असेल.

मी विचारलं, "शेवटचं बरं कुणी पाहिलं?"

मेंबर म्हणाला, "मीच की साहेब. साडेनवाला माझ्या म्होरं बसून च्या पिला. नंतर एकदम झालं."

त्यानं मला साहेब म्हटलं. रफिकभाईचा 'साब' सोडला, तर मंद्रूपमध्ये मला साहेब म्हणणारा तो पहिला मनुष्य. 'साडेनऊ' ऐकून सिस्टरांचे डोळे बारीक झाले असते. माझी छाती रुंद झाली. मी लिहिलं, नऊ तीस. शिक्का मारला. मेंबर रफिकभाईच्या शेजारी पुढे बसला. कोंडाबाई गाडीच्या दारापर्यंत आली होती, तिला मी म्हटलं, "आज्जी, तुम्ही मागून या. तिकडे शिकलेलं माणूस लागतं." ती बाकाकडे वळली. रफिकभाईनं "देखेवाला बैठा क्या?" विचारलं, मी म्हटलं, "बैठा." सिस्टर मागच्या बाजूनं पेशंटला घेऊन चढल्या. पुढे कोण बसलंय ते त्यांना दिसलं नाही. गाडी गेली.

वीसेक मिनिटांत फोन. मागून सायरन ऐकू येत होता.

"बाई कुठाय?"

"बाकावर."

"हा मेंबर आता म्हनतोय, च्या पिताना त्यानं बघितलं न्हाय. काकूनं सांगितलं म्हन. काकूला फोन द्या."

मी बाकाकडे पाहिलं. बाकावर कोणी नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "ती व्हय? ती गेली की. मेंढरं म्हनं कुत्र्याच्या भरवशावर सोडून आलीय."

सिस्टरांना हे सांगितलं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "हुडका."

बाजाराचा दिवस, आणि मला तिच्या लुगड्याचा रंगही आठवत नव्हता. मेंबरच्या शर्टाचा आठवत होता. स्कूटर घेऊन आधी एसटी स्टँड, मग मेथी-कोथिंबिरीच्या गर्दीतून गुरांच्या बाजारापर्यंत, तिथून परत. दोन बायकांना मी "कोंडाबाई" म्हणून हाक मारली, त्यातल्या एकीनं मला शिव्या घातल्या. या खटपटीत पाऊण तास गेला. शेवटी, सीटा भरल्या की सुटणाऱ्या वडापच्या जीपमध्ये, दहा माणसांच्या मधे, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली ती दिसली.

तेवढ्यात सिस्टरांचाच फोन आला. आवाज खाली, भराभर. "स्कॅन झाला. रक्तस्राव न्हाय, गुठळी मोठीय. डाक्टर इंजेक्शन भरतेत. मी सांगतेय थांबा, तर ते म्हनतेत कागदावर शिक्क्यानिशी साडेनऊ हाय. बाई घावली का?"

मी फोन कोंडाबाईच्या कानाला लावायला गेलो. तिनं तो हातात घेतला आणि भाकरी धरावी तसा समोर आडवा धरला. स्पीकर चालू होता. सगळी जीप ऐकू लागली.

"बाई," सिस्टर म्हणाल्या, "मला घड्याळातलं कळत न्हाय. सकाळपासनं काय काय केलंत तेवढं सांग."

कोंडाबाईनं आजूबाजूला पाहिलं. दहा अनोळखी तोंडं. इथं जनरेटरची खोली नव्हती.

"कोकरांना पाजलं का त्यानं?"

"पाजलं."

"मग मेंढरं काडली?"

"व्हय. रस्त्यावर आनली."

"तवा बोलत हुता?"

"बोलत हुता की. मलाच बोलला."

"काय बोलला?"

कोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "आज्जी, सांगा, त्याचा जीव आहे यात." सिस्टरांचा आवाज आला, "टायमकीपर, तुमी बोलू नका."

मग कोंडाबाई एका दमात बोलली. "विजापूरची गाडी आली, हॉरन मारला, मेंढरं बिथरली. मला म्हनला, आंधळे, तुज्या बापाच्या बापानं तरी मेंढरं राखली हुती का गं."

जीपमध्ये कुणीतरी हसलं. सिस्टर हसल्या नाहीत. "सगळं स्वच्छ बोलला? अडखळला न्हाय?"

"त्यो शिवी देताना कवाच अडखळत न्हाय."

"आन् मग?"

"गाडी गेली. त्यानं कुत्र्याला शीळ घालायला तोंड केलं, तर शीळच न्हाय. नुसता वारा." ती थांबली. "मला वाटलं सकाळीच घेतली आसंल. मी हसले, बाई. हसत हसत मेंढरं घिऊन गेले. परत आले तर लिंबाखाली पडला हुता. च्या पाजला तर गळ्यावर सांडला."



"हसलीस म्हनून ध्यानात राहिलं," सिस्टर म्हणाल्या. "दुसरी आसती तर इसरली आसती. ती गाडी कितीची?"

कोंडाबाईला काय माहीत. मी म्हणालो, "वेळापत्रकात साडेसहा आहे." सिस्टर म्हणाल्या, "वेळापत्रक ऱ्हाऊ द्या. आज किती वाजता आली?"

तेवढ्यात मागच्या बाकड्यावरून वांग्याची रिकामी पाटी मांडीवर घेतलेला एक माणूस म्हणाला, "मी त्याच गाडीनं आलोय की. ह्यांच्या फाट्यावरच चढलो. मेंढरं आडवी आली म्हनून ड्रायव्हर बी बोलत हुता." त्यानं टोपीच्या घडीतून तिकीट काढून दिलं. ते मी वाचलं. एकोणीस वर्षं वेळ पाडलेल्या माणसाच्या हातून त्या दिवशी झालेलं हे एकमेव बरोबर काम.

"सहा बेचाळीस."

पलीकडे दुसरा आवाज आला, तिथल्या डॉक्टरांचा. त्यांनी कोंडाबाईला ती शिवी परत म्हणायला लावली. तिनं जीपभर लोकांत परत म्हटली, आता जरा मोठ्यानं. डॉक्टर कुणाला तरी म्हणाले, "इंजेक्शन बाजूला ठेवा. सरळ वर घ्या, तार घालायला. सहा तासांना अजून अर्धा तास आहे." सहीचं काही चाललं असावं, मेंबरचा आवाज ऐकू आला, विचारून सांगतो म्हणत होता. कोंडाबाई फोनवर वाकली. "दत्तू, सही घाल. कुणाला इचारतोस?"

मी तिला स्कूटरवर बसवून सोलापूरला नेलं. वाटेत ती एकदाच बोलली, "मेंढरांकडं कुणीतरी बघाया पायजे." मी 'बघतो' म्हणालो आणि विसरलो. ती विसरली नव्हती. तिनं त्या वांगीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

पोचलो तेव्हा म्हाळाप्पा वरच होता. सिस्टर लिफ्टच्या दाराशी उभ्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "शिक्का." मी खिशातून काढून दिला. त्यांनी तो ॲप्रनच्या खिशात टाकला. पुढची दोन वर्षं मला शिक्का मारायचा असला की मी त्यांच्या मागे कागद घेऊन फिरायचो, आणि त्या तो कागद पूर्ण वाचूनच मारायच्या. चहाच्या बिलावरसुद्धा.

तास-दीड तासानं डॉक्टर बाहेर आले. गुठळी निघाली होती. पाय हलतोय, म्हणाले. हाताला वेळ लागेल. बोलण्याचं मात्र आत्ता सांगता येत नाही, वाट बघावी लागेल. कोंडाबाईनं तेवढंच परत विचारलं, "बोलंल का?" डॉक्टर म्हणाले, "बघू." तिनं सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर 'बोलेल' म्हणाल्या नाहीत. खात्री नसलेलं त्या कधीच कुणाला सांगत नसत. त्या तिच्याशेजारी बाकावर बसल्या आणि पिशवीतून शेंगाचटणी आणि कडक भाकरी काढून तिच्यासमोर ठेवली.

म्हाळाप्पा घरी गेला. मधून मधून बातमी यायची. काठी घेऊन चालतो. डाव्या हातानं जेवतो. बोलण्याबद्दल एक जण सांगायचा, बोलतो. दुसरा सांगायचा, छे, नुसतं हूं हूं. सिस्टर दोघांनाही म्हणायच्या, "हौदा?"

त्या निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही शाल, नारळ आणि पेढे असा छोटा समारंभ केला. मी भाषण केलं. लांबलं. सिस्टरांनी नारळ कानाशी धरून हलवून पाहिला, पाणी आहे की नाही. तेवढ्यात फाटकातून कोंडाबाई आत आली, मागून काठी टेकत म्हाळाप्पा. खांद्यावर नवं घोंगडं. ते त्यानं डाव्या हातानं सिस्टरांच्या समोर धरलं.

कोंडाबाई म्हणाली, "आता चांगलं बोलतेत बरं का. सोलापूरच्या डाक्टरांनी कागदावर बी लिवून दिलंय." तिनं खरंच कागद आणला होता.

सिस्टरांनी कागद वाचला, घडी घालून तिला परत दिला. "कागदावर माजा भरवसा न्हाय. त्यांना बोलू दे." म्हाळाप्पाला म्हणाल्या, "एक पूर्ण वाक्य. कुनी शिकवलेलं नको, तुमच्या मनातलं."

म्हाळाप्पाचे ओठ हलले, काही आलं नाही. कोंडाबाईच्या हातातला कागद चुरगळत होता. मला राहवलं नाही. मी पुढे झालो, खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणालो, "बोला की आजोबा, घाबरू नका. सिस्टर चालल्या, यापुढं तुमचं सगळं मीच बघणार आहे."

सिस्टरांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि एक कान त्याच्याकडे करून उभ्या राहिल्या. एका हातात नारळ, दंडावर घोंगडं. त्यांची माझ्याकडे असलेली शेवटची आठवण ती.

म्हाळाप्पानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बायकोकडे वळला आणि सावकाश, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत, कुठंही न अडखळता म्हणाला,

"ह्यो बघनार आसंल, तर आता आपल्याला आजारी पडायची सोय न्हाय ऱ्हायली."